जरा आणि वृद्धत्व

(ज्येष्ठ नागरिक व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



उतारवयासाठी संस्कृतने मराठीला दोन शब्द दिले आहेत. एक ‘जरा’ आणि दुसरा ‘वृद्धत्व’. व्यवहारात दोन्हींचा अर्थ एकच धरला जातो. परंतु त्यांचे धातू पाहिले तर ते परस्परविरुद्ध दिशांना जाताना दिसतात. ‘जरा’ हा शब्द ‘जॄ’ या धातूपासून आला. त्याचा अर्थ झिजणे, जीर्ण होणे. ‘वृद्ध’ हा शब्द ‘वृध्’ या धातूपासून आला. त्याचा अर्थ वाढणे. वृद्धी, संवर्धन, वर्धापन हे सारे शब्द त्याच कुळातले. एकाच माणसाच्या एकाच वयाकडे पाहून एक शब्द म्हणतो, हा झिजला. दुसरा म्हणतो, हा वाढला.

दोन्ही शब्द खरे आहेत. शरीराची जरा कोणालाही चुकत नाही. ती न बोलावता येते. वृद्धत्व मात्र आपोआप येत नाही. ते मिळवावे लागते. ‘वयोवृद्ध’ आणि ‘ज्ञानवृद्ध’ असे दोन वेगळे शब्द मराठीत रूढ आहेत, ते यामुळेच. सत्तर वर्षे पूर्ण केलेला माणूस वयोवृद्ध असतोच, पण तो खऱ्या अर्थाने वृद्ध, म्हणजे वाढलेला, आहे की नाही याचे उत्तर जन्मदाखला देत नाही. आजच्या कुटुंबांपुढचा वार्धक्याचा प्रश्न या दोन शब्दांमधल्या अंतरात दडलेला आहे.

शरीराचा धर्म

प्रथम जरेचा विचार करू. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक संपूर्ण अंग जरेसाठी राखून ठेवलेले आहे. त्यालाच रसायन म्हणतात, आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा आरंभच रसायनाने होतो. सुश्रुताने तर भूक, तहान, निद्रा आणि मृत्यू यांच्या पंक्तीत जरेला बसवून या सर्वांना स्वाभाविक व्याधी म्हटले आहे. भूक लागणे हा जसा कोणाचा अपराध नसतो, तसे म्हातारे होणे हाही अपराध नाही आणि दुर्दैवही नाही.

आधुनिक विज्ञान वेगळ्या वाटेने याच ठिकाणी पोहोचले. मानवी शरीरातून घेतलेल्या सामान्य पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या तर त्या सुमारे चाळीस ते साठ वेळा विभाजित होतात आणि नंतर थांबतात, असे लेनर्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले. गुणसूत्रांच्या टोकांना ‘टेलोमिअर’ नावाची संरक्षक टोपणे असतात. बहुतेक पेशींमध्ये प्रत्येक विभाजनाबरोबर ती थोडी आखूड होतात. या टोपणांवरील मूलभूत संशोधनासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. जरेचे हे एकच कारण आहे असे कोणी शास्त्रज्ञ म्हणत नाही. पेशींमध्ये साठत जाणारी हानी आणि ती दुरुस्त करण्याची घटत जाणारी शक्ती अशी इतरही कारणे आहेत. तिशीच्या आसपास हाडांची घनता कमाल होते आणि नंतर ती हळूहळू उतरू लागते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर हा उतार अधिक वेगाचा असतो. चाळिशीत डोळ्यातील भिंगाची लवचिकता इतकी कमी होते की जवळचे अक्षर वाचायला चष्मा लागतो. मराठी माणसाने त्या चष्म्यालाच ‘चाळिशी’ हे नाव देऊन टाकले आणि झिजण्याचा पहिला टप्पा हसत स्वीकारला.

मात्र प्रत्येक दुखणे जरेच्या खात्यावर टाकणे ही मोठी चूक आहे. ‘आता वय झाले’ हे वाक्य घराघरांत औषधाच्या जागी वापरले जाते. आजोबांना ऐकू येत नाही? वय झाले. आजी तेच तेच विचारते? वय झाले. उठताना तोल जातो? वय झाले. वास्तविक स्मृतिभ्रंश हा वार्धक्याचा अटळ भाग नसून तो मेंदूचा आजार आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये त्याच्या टाळता येण्याजोग्या चौदा कारणांची यादी दिली. त्या यादीत रक्तदाब आणि मधुमेह आहेत, तसेच उपचार न झालेला बहिरेपणा, दुर्लक्षित राहिलेली अधू दृष्टी आणि एकाकीपणाही आहे. कानाचे यंत्र आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांचा संबंध केवळ ऐकण्या-पाहण्याशी नसून माणूस माणसांत राहण्याशी आहे. ज्याला ऐकू येत नाही तो हळूहळू जेवणाच्या पंगतीतही एकटा पडतो.

बळाचेही तसेच. बोस्टनमधील एका वृद्ध शुश्रूषागृहात सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा जणांना पायाच्या स्नायूंचा, वजन उचलण्याचा व्यायाम आठ आठवडे दिला गेला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार व्यायाम पूर्ण करणाऱ्यांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. प्रयोग लहान होता, पण नव्वदीतला स्नायूही शिकायला तयार असतो हे त्यातून सिद्ध झाले. ज्या घरात ‘तुम्ही बसून राहा, काही करू नका’ असे प्रेमाने सांगितले जाते, त्या घरात प्रेमाच्या पोटीच जरेला घाई केली जाते.

नातवाचे मुख आणि निवृत्तीची तारीख

आता वृद्धत्वाकडे वळू. भारतीय परंपरेने उतारवयाला विधींची चौकट दिली. षष्ट्यब्दीपूर्तीचे उदाहरण घ्या. प्रभवापासून क्षयापर्यंत संवत्सरांची नावे साठ आहेत. गुरूला राशिचक्राची एक फेरी पुरी करण्यास सुमारे बारा वर्षे लागतात, शनीला सुमारे तीस. या दोन्ही गती साठ वर्षांत जुळतात. साठी पूर्ण झालेल्या माणसाच्या आयुष्यात त्याच्या जन्माचा संवत्सर पुन्हा येतो. म्हणजे आयुष्याचे एक आवर्तन संपून दुसऱ्याचा आरंभ होतो. सहस्रचंद्रदर्शनाचेही गणित असेच नेमके आहे. दोन पौर्णिमांमधील अंतर सुमारे साडेएकोणतीस दिवसांचे. त्या हिशेबाने हजार पौर्णिमा पूर्ण होण्यास ८० वर्षे आणि सुमारे १० महिने लागतात. साठीला आणि ऐंशीला घरातली माणसे एकत्र येतात, ज्येष्ठाला पाटावर बसवतात, औक्षण करतात. वय हा लपवण्याचा विषय नसून साजरा करण्याचा विषय आहे, हा त्यातला भाव.

या सर्वांत अर्थपूर्ण कल्पना वानप्रस्थाची. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात गृहस्थाने वनाकडे केव्हा निघावे याची खूण दिली आहे. तिथे वर्षांचा आकडा नाही. अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि घरात नातवंड, ही ती खूण. पहिल्या दोन खुणा जरेच्या आहेत. तिसरी मात्र शरीराबाहेरची आहे. मुलगा स्वतः बाप झाला, म्हणजे घराची धुरा पेलणारा दुसरा खांदा तयार झाला. निवृत्तीची वेळ मागे राहणाऱ्याच्या सिद्धतेवरून ठरते, हा विचार त्या खुणेत आहे.

आजची निवृत्ती याच्या नेमकी उलट आहे. ती आकड्याने येते. १८८९ मध्ये जर्मनीत बिस्मार्कच्या काळात वृद्धांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा झाला तेव्हा त्यासाठी सत्तर वर्षे ही मर्यादा होती. पुढे १९१६ मध्ये ती पासष्टवर आली. भारतात केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय १९९८ मध्ये ५८ वरून ६० करण्यात आले. प्रशासनाला असा आकडा लागतोच, त्यात दोष नाही. दोष घडतो तो तो आकडा मनाने स्वीकारल्यावर. शेवटच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भाषणे होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता कुठे जायचे हा प्रश्न उभा राहतो. कार्यालयातले अधिकार गेल्यावर पुष्कळ गृहस्थ ते घरात शोधू लागतात. भाजी कोणती आणावी, गॅस केव्हा बंद करावा, सुनेने किती वाजता यावे, यावर शेरे मारले जाऊ लागतात. घरातल्यांना तो जाच वाटतो, आणि ज्येष्ठांना वाटते आपल्याला कोणी विचारत नाही.

वनात जाणे आज कोणाला शक्य नाही आणि आवश्यकही नाही. परंतु वानप्रस्थाचे सार घरात राहूनही आचरता येते. निर्णयाचा अधिकार पुढच्या पिढीकडे द्यायचा आणि सेवेचे कर्तव्य आपल्याकडे ठेवायचे, हे ते सार. सांगितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. मात्र बोलावणे येताच कामाला उभे राहायचे. हे सोपे नाही. आयुष्यभर उलट सवय लागलेली असते. म्हणून त्याची तयारी साठीत न करता पन्नाशीत सुरू करावी लागते.

दुसऱ्या आवर्तनाची माणसे

हा केवळ कल्पनाविलास नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे १९१४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, वयाच्या ५८व्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. १९२९ मध्ये, वयाच्या ७१व्या वर्षी, त्या विद्यापीठाच्या प्रचारासाठी ते युरोप, अमेरिका आणि जपानच्या प्रवासाला निघाले. १९३६ मध्ये, ७८व्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले, आणि १९४४ मध्ये, ८६व्या वर्षी, जातिभेद नाहीसे व्हावेत म्हणून समता संघ. १९५८ मध्ये शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. त्यांच्या आयुष्यातून निवृत्तीनंतरची वर्षे वजा केली तर महिला विद्यापीठच उरत नाही.

वेदमहर्षी पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर मूळचे चित्रकार. पन्नाशी ओलांडल्यावर औंध येथे स्वाध्याय मंडळ उभारून त्यांनी वेदांच्या शुद्ध संहिता आणि भाष्ये सर्वसामान्यांच्या हाती दिली. १९४८ च्या उलथापालथीत, वयाच्या ८०व्या वर्षी, त्यांना औंध सोडावे लागले. त्या वयात बसलेली घडी मोडली की माणूस उमेद सोडतो. सातवळेकरांनी गुजरातेतील पारडी येथे नव्याने मांड मांडली आणि पुढे वीस वर्षे, १९६८ मध्ये देह ठेवीपर्यंत, काम चालू ठेवले.

ताराबाई मोडक ५३ वर्षांच्या असताना, १९४५ मध्ये, शहरी बालशिक्षणाचे सुस्थिर काम मागे ठेवून बोर्डीला गेल्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, या विचारातून तिथे अंगणवाडी आकाराला आली. पासष्टीत, १९५७ मध्ये, त्या आणखी आत, कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी गेल्या. तिथे त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. ताराबाईंनंतर अनुताईंनी ते काम पुढे नेले, म्हणजे पुढचा खांदा ताराबाईंच्या हयातीतच तयार झालेला होता.

नानाजी देशमुख यांचे उदाहरण अनेकांच्या डोळ्यांसमोरचे आहे. १९७७ मध्ये लोकसभेवर निवडून आल्यावर चालून आलेले मंत्रिपद त्यांनी नाकारले आणि साठी उलटताच, १९७८ मध्ये, निवडणुकीच्या राजकारणातून बाजूला होऊन ग्रामविकासाला वाहून घेतले. साठीनंतर राजकारण्यांनी जागा मोकळी करावी असे ते म्हणत, आणि त्यांनी आधी स्वतःची जागा मोकळी केली. गोंडा आणि चित्रकूट येथील कार्य त्यानंतरचे; चित्रकूटचे ग्रामोदय विद्यापीठ १९९१ मधले, म्हणजे त्यांच्या वयाच्या ७४व्या वर्षीचे. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देहही वैद्यकीय अभ्यासासाठी देण्यात आला.

या चौघांची क्षेत्रे निरनिराळी आहेत. पण जरा चौघांनाही होती. त्यांचेही गुडघे दुखले असतील, दृष्टी मंदावली असेल. झीज चालू असतानाच ते वाढत राहिले.

ज्यांना निवृत्ती नाही

मात्र थोरांची उदाहरणे सांगून थांबणे हा समाजाचा अप्रामाणिकपणा ठरेल. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढचे १० कोटी ३८ लाख लोक होते. केंद्र सरकारच्या तज्ज्ञगटाच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये ही संख्या १३ कोटी ८० लाखांच्या आसपास होती आणि २०३१ मध्ये ती १९ कोटींच्या पुढे जाईल. स्वातंत्र्याच्या सुमारास सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षे होते, आज ते सत्तरच्या घरात आहे. त्या वेळी म्हातारी माणसे नव्हती असे नाही. बालमृत्यू फार होते म्हणून सरासरी खाली होती. पण एवढ्या मोठ्या संख्येने माणसे म्हातारी होण्याचा अनुभव या देशाला प्रथमच येत आहे.

यातील दहापैकी सुमारे सात जण खेड्यांत राहतात. शेतमजुराला निवृत्तिवेतन नाही, निरोपसमारंभ नाही. हात चालतात तोवर काम, हे त्याचे वार्धक्य. साठीपुढच्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा अधिक आहे. घरातल्या गृहिणीलाही निवृत्ती नसते. पती ६०व्या वर्षी निवृत्त होऊन वर्तमानपत्र हाती घेतो. त्याच दिवसापासून तिच्या कामात दुपारच्या चहाची भर पडते. आधी मुले, मग सासू-सासरे, मग नातवंडे आणि शेवटी आजारी पती, अशी तिची सेवेची साखळी अखंड असते. तिच्या वानप्रस्थाचा विचार कोणी करायचा? संयुक्त कुटुंबाचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येक घराने हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. कुटुंबव्यवस्था श्रेष्ठ आहे असे व्यासपीठावरून म्हणण्याचा अधिकार, घरातल्या आजीचे कान आणि गुडघे वेळेवर तपासून घेणाऱ्यालाच आहे.

पश्चिमेच्या अनुकरणामुळे वृद्धाश्रम वाढले असे म्हणण्याची पद्धत आहे. त्यात तथ्याचा अंश असेलही. पण पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या ज्या घरांत आज दोनच वृद्ध उरले आहेत, तिथली मुले बहुधा आई-वडिलांच्याच प्रोत्साहनाने परदेशी गेलेली आहेत. त्या मुलांना कृतघ्न ठरवून काही साधत नाही. रोज ठरल्या वेळी मोबाइलवर दिसणारा मुलगा आई-वडिलांच्या मनाला आधार देतो. रात्री दोन वाजता छातीत कळ आल्यावर मात्र शेजारचा दरवाजाच उघडावा लागतो.

कायदा, घर आणि शेजार

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम २००७ मध्ये झाला. त्यानुसार मुले सांभाळ करीत नसतील तर उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत, यांच्याकडील न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. या कायद्याचे कलम २३ प्रत्येक ज्येष्ठाला ठाऊक असले पाहिजे. सांभाळ करण्याच्या अटीवर घर किंवा जमीन बक्षीसपत्राने दिली आणि अट पाळली गेली नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. म्हणून ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असणे हिताचे. सत्तरीपुढच्या सर्वांसाठी, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय ऑक्टोबर २०२४ पासून झाली आहे. किती पात्र घरांत ते कार्ड काढलेले आहे, हे पाहण्याचे काम वस्तीतील कोणीही तरुण करू शकतो.

इथे एक शंका स्वाभाविक आहे. अधिकार सोडा असेही सांगायचे आणि बक्षीसपत्र जपून करा असेही सांगायचे, यात विसंगती नाही का? नाही. किल्ल्या देणे वेगळे आणि छप्पर देऊन टाकणे वेगळे. घराचे निर्णय मुलांकडे सोपवावेत. राहते घर आणि औषधपाण्यापुरता पैसा मात्र अखेरपर्यंत पती-पत्नीच्या नावावर असावा आणि पुढची व्यवस्था मृत्युपत्राने करावी. निर्धास्त माणूसच मोकळ्या मनाने अधिकार सोडू शकतो. ज्याला उद्याच्या अन्नाची धास्ती आहे तो किल्ल्या कमरेला घट्टच बांधणार, आणि त्याला लोभी म्हणणे अन्यायाचे होईल.

कायदा पोटगी मिळवून देतो, संवाद मिळवून देत नाही. तो घरातच घडावा लागतो. दिवसातून एक जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे. नातवंडांना आजी-आजोबांकडून एखादी गोष्ट शिकण्याची सवय लावावी, मग ती पाढे असोत, लोणचे असो किंवा गावाकडच्या देवस्थानाची माहिती असो. त्याचबरोबर आजी-आजोबांनीही नातवंडांकडून काही शिकावे. मोबाइलवरून पैसे कसे पाठवायचे आणि फसवणुकीचा फोन कसा ओळखायचा, हे सत्तरीत शिकून घेण्यात कमीपणा नाही. शिकणे चालू आहे तोवर ‘वृध्’ हा धातू जिवंत आहे.

घराबाहेर, प्रत्येक वस्तीत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी असावी आणि प्रत्येक नावासमोर एका शेजाऱ्याचे नाव असावे. आठवड्यातून एक भेट, महिन्यातून बँकेची किंवा दवाखान्याची एक फेरी, एवढ्यानेही पुष्कळ साधते. ज्येष्ठ नागरिक संघ आणि विरंगुळा केंद्रे गावोगावी आहेत. तिथे जमणाऱ्या निवृत्त शिक्षक, अभियंते, परिचारिका आणि कारकुनांनी पत्त्यांच्या डावाबरोबर आठवड्याचे दोन तास वस्तीतील मुलांच्या अभ्यासाला द्यावेत. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही त्याची सारखीच गरज आहे.

जरा थांबवता येत नाही. तिचा वेग थोडा कमी करता येतो, एवढेच. वृद्धत्वाला मात्र अशी मर्यादा नाही. पुढच्या पिढीने ज्येष्ठांच्या शरीराची काळजी घ्यावी आणि ज्येष्ठांनी पुढच्या पिढीच्या वाढीची, हा त्या दोन पिढ्यांमधला करार आहे. तो कुठल्याही कचेरीत नोंदवला जात नाही, पण ज्या घरात तो पाळला जातो तिथे निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या सकाळी कुठे जायचे हा प्रश्न कोणाला पडत नाही.